चार नंबरचं हृदय

१. सरळ रेघ

"एवढ्याशा रेघेनं माझं वाटोळं केलं, आत्या," भाची म्हणाली आणि तिनं लॅपटॉप फौजदारबाईंकडे वळवला.

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन फौजदारबाईंना बरीच वर्षं झाली होती. पण खाकी कपडे उतरले म्हणून नजर थोडीच उतरते? त्यांनी आधी भाचीकडे पाहिलं. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत, चहा तसाच गार झालेला. मग पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक निळी रेघ होती, डावीकडून उजवीकडे गेलेली, पट्टीनं मारल्यासारखी सरळ.

"यात गुन्हा कुठाय?" त्यांनी विचारलं.

भाची हॉस्पिटलात संशोधन करत होती. मधुमेह जुना झाला की उतारवयात हृदयाच्या ठोक्यांची लय कशी बिघडते, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं आत्याच्या गायनमंडळातल्या पाच ज्येष्ठांच्या छातीला पट्टे बांधले होते. पट्ट्याला एक डबी, डबीत ठोके टिपणारं यंत्र. गाताना माणूस लांब श्वास घेतो, लांब सोडतो, आणि निरोगी हृदय श्वासाच्या तालावर चालतं. श्वास आत घेताना ठोके जरा भरभर, सोडताना जरा सावकाश. म्हणून गाणाऱ्या माणसाची रेघ कशी नागमोडी यायला हवी. चौघांची तशी आलीही होती, कोणाची जास्त, कोणाची कमी. चार नंबरची मात्र ही अशी. ना चढ, ना उतार. तालमीच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत नव्वदच्या आसपास एकच ठेका.

"चार नंबर म्हणजे पोस्टमन ना?"

"तेच तर! पोस्टमनकाकांना साखर नाही, बीपी नाही. रोज सकाळी टेकडी चढून येतात. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना हॉस्पिटलात बोलावून पुन्हा तपासलं. रेघ कशी नाचली म्हणून सांगू! आता डॉक्टर म्हणतात, ही रेघ खरी असूच शकत नाही, मी घरी बसून काढली. निकाल चांगला दिसावा म्हणून." तिनं चहाचा कप दूर सारला. "शनिवारी मीटिंग आहे. माझं काम रद्द करणार आहेत. आणि एकदा खोटारडी ठरले की मला दारात तरी कोण उभं करेल?"

फौजदारबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी चोरून खाल्लेल्या बिस्किटाची कबुली स्वतःच येऊन देणारी ही पोर, ती खोटी रेघ काढेल?

"परत सगळ्यांना पट्टे बांध आणि दाखव त्यांना."

"पट्टे आणि डब्या सुट्या करून त्यांनी कपाटात टाकल्यात, वर कुलूप लावलंय. तपास संपेपर्यंत हात लावायचा नाही म्हणे."

"मग तपास आपणच करू," बाई म्हणाल्या आणि ताडकन उठल्या. उठल्या तशा टेबलाची कड धरून घटकाभर थांबल्या. "चष्मा कुठं ठेवला गं मी?"

"डोळ्यांवरच आहे, आत्या."

"असू दे. आता सांग, ही रेघ यंत्र बिघडल्यामुळे आली असेल का?"

"यंत्र ठणठणीत आहे. आणि हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते ऐकूनच घेत नाहीत..." भाचीनं आवाज खाली आणला. "ही रेघ खरी असेल, तर ती कोणाची तरी आहे. त्या पाचांपैकी कोणाच्या तरी हृदयाचा लगाम तुटलाय. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की हृदयाला आवरणारे, पळवणारे मज्जातंतूच झिजतात. मग हृदय धावतं ते आपल्या मनानं. वर त्याला दुखलं तरी कळ येत नाही. ज्याचं हे हृदय आहे ना, त्याला झटका येईल आणि कळणारसुद्धा नाही."

फौजदारबाईंनी पदर खोचला. त्यांची स्वतःची रेघ, पाच नंबरची, शेजारीच दिसत होती. तिच्यात असे काही हेलकावे होते की पाहतच राहावं. त्यांना साखर होती, चांगली जुनी होती, तरीही. भाची ती रेघ पाहून म्हणालीही होती, "आत्या, तुझं हृदय अजून विशीत आहे!" ही गोष्ट बाईंनी सगळ्या गल्लीला सांगून झाली होती.

म्हणजे उरले चौघं. त्यातला एकजण नक्की खोटं बोलत होता.

२. चौघांची तोंडं बंद

गायनमंडळाची तालीम वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चाले. फौजदारबाई जिना चढल्या, मधल्या वळणावर नेहमीप्रमाणे नोटीस बोर्ड वाचायला थांबल्या आणि वरच्या बोळात शिरल्या. बोळात मेलं काही दिसत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. पोस्टमन दाराशी टॉर्च घेऊन उभेच होते.

"या बाई, सांभाळून. इथं उंबरा आहे."

"माहितेय हो. बल्ब बदला म्हणावं एकदाचा." बाईंनी तिथंच त्यांना गाठलं. "पोस्टमन, खरं सांगा. तालमीच्या दिवशी पट्टा तुम्हीच घातला होता? का दुसऱ्या कोणाला दिलात?"

काटकुळे पोस्टमन ताठ झाले. "मीच घातला. माझ्याच पट्ट्यावर शिवणकाकूंनी हिरव्या दोऱ्यानं पत्राचं चित्र काढलंय. चुकेल कसा? घालून मध्यंतरात घरी पळतसुद्धा गेलो होतो, नव्या गाण्याचे कागद विसरले होते म्हणून. जिने उतरून, रस्ता ओलांडून, पुन्हा जिने चढून आलो. दमलो नाही हो जराही!"

"मग तुमच्या पट्ट्यात दुसऱ्याचं हृदय कसं आलं?"

पोस्टमन टॉर्चचं बटण उघडझाप करत राहिले. "ते... मला काय माहीत? मी पत्रं पोचवणारा माणूस. कोणाच्या पाकिटात काय आहे ते बघायची सवय नाही मला."

इथं पाणी मुरतंय हे बाईंनी ओळखलं.

आत मास्तर पेटी पुसत बसले होते. मंडळाला गाणं शिकवणारे, तोंडात कायम गोळी, आणि साखर तर बाईंपेक्षाही जुनी. संशयित म्हणून त्यांच्याइतका सोयीचा माणूस नव्हता.

"मास्तर, तोंडातलं काय ते गिळा आणि उत्तर द्या. तुम्ही आणि पोस्टमननं पट्टे बदललेत का? रेघ वाईट आली तर गाणं बंद करतील, या भीतीनं?"

"छे, छे!" मास्तरांच्या घशात गोळी अडकता अडकता राहिली. "माझी रेघ माझीच आहे. बेसुरांवर ओरडलो तेव्हा कशी उसळलीय बघा, त्या वेळेला माझ्याशिवाय कोण ओरडत होतं? आणि बाई..." ते थांबले. त्यांनी बेकरीवाल्यांकडे पाहिलं. बेकरीवाल्यांनी छताकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं. म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्यावर आलं. पण... पुढच्या मंगळवारी सांगू का?"

"कसल्या चिठ्ठ्या?"

"काही नाही, काही नाही. सा लावा सगळ्यांनी!"

आणि मास्तरांनी पेटीचा भाता असा काही ओढला की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मध्यंतरात बाईंनी बेकरीवाल्यांना धरलं. हा गडी अंगानं अघळपघळ, आवाज भरदार. स्वतःची बेकरी मुलाकडे दिली, तरी तालमीला चीजचे गरम रोल न चुकता आणायचा. त्यानं बाईंच्या हातात एक रोल दिला.

"तुम्हाला इतका घाम का येतो हो नेहमी?" बाईंनी थेट मुद्द्याला हात घातला.

"भट्टीपुढं जन्म गेला, बाई. मला उठता घाम, बसता घाम, गाताना घाम. माझा घाम साधा आहे. काहीजणांना मात्र..." त्यानं जीभ चावली.

"काहीजणांना काय?"

"काही नाही. रोल गार होतोय, खा ना."

बाईंनी दोन घास खाल्ले, पोट गच्च झाल्यासारखं वाटलं म्हणून उरलेला अर्धा रुमालात बांधला, आणि दुसऱ्या रुमालानं कपाळावरून, मानेवरून घाम टिपला. "खिडक्या उघडा जरा. कोंदलंय नुसतं."

खिडक्या सताड उघड्या होत्या. बेकरीवाल्यांनी दोन्ही दारंही उघडली.

आयुष्यात बाईंनी कितीतरी गुन्हेगार बोलते केले होते. पण असे गुन्हेगार त्यांनी पाहिले नव्हते. हे घाबरलेले होते हे खरं, पण पकडले जाऊ म्हणून घाबरल्यासारखे मुळीच दिसत नव्हते. तिघंही बाईंशी विलक्षण प्रेमानं वागत होते, आणि त्यामुळे बाईंचा संशय आणखीच पक्का झाला.

आता एकच साक्षीदार उरली होती, आणि ती बाईंना पाहताच कोटांच्या कपाटामागे जाऊन उभी राहिली होती.

३. बटणं ती बटणं

"शिवणकाकू, बाहेर या. पाय दिसतायत तुमचे."

शिवणकाकू बाहेर आल्या. मंडळाचे सगळे कपडे त्यांच्या हातचे. बोटभर उंचीच्या, पण हातात सुई आली की कोणाला ऐकायच्या नाहीत. आज मात्र चेहरा पडला होता.

"मी काही मुद्दाम केलं नाही हो," त्या आल्या आल्याच म्हणाल्या.

फौजदारबाईंनी खुर्ची ओढली आणि गप्प बसल्या. समोरचा माणूस फुटायला आला की आपण गप्प बसायचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

"पट्टे एकमेकांत मिसळायचे ना, म्हणून मी प्रत्येकावर दोऱ्यानं चित्र काढून दिलं. मास्तरांना पेटी, बेकरीवाल्यांना पाव, पोस्टमनना पत्र, तुम्हाला शिट्टी, मला कात्री. तेव्हापासून नंबर बघणंच बंद झालं. मग त्या तालमीच्या आधी खुंटीवरच्या दोन पट्ट्यांवर चहा सांडला. डाग वाळला तर जाईल का? मी घरी नेले, डब्या काढल्या, पट्टे धुतले, इस्त्री केली—"

"डब्या काढल्यात?"

"मग? डबीसकट धुवू का? दोन टिचबटणांवर तर लागलेली असते. धुऊन झाल्यावर परत लावल्या. टचाटच बसल्या."

"कोणती डबी कोणत्या पट्ट्याला?"

शिवणकाकूंनी बाईंकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अडाण्याकडे पाहावं. "अहो, दोन्हींची बटणं एकाच मापाची! सारख्या मापाचं बटण कुठंही लागतं. आयुष्यभर बटणं लावलीत मी, बटणाला कोणी नाव विचारतं का?"

फौजदारबाईंना एकदम हसू फुटलं. भाचीनं नंबर लिहिला होता डबीवर, मंडळी बघत होती पट्ट्यावरचं चित्र, आणि मधल्या मध्ये शिवणकाकूंच्या हातून दोन हृदयांची अदलाबदल झाली होती. कोणी खोटं बोललं नव्हतं. भाचीनंही नाही, पोस्टमननंही नाही.

"काकू, तुम्ही माझ्या पोरीला वाचवलंत! त्यातला एक पट्टा पोस्टमनचा, बरोबर?"

"हो."

"आणि दुसरा?"

शिवणकाकूंचा चेहरा पुन्हा पडला. त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा केला. "विसरले."

"दोन पट्टे धुतलेत, त्यावर तुम्हीच काढलेली चित्रं, आणि विसरलात?"

"वय झालं, बाई."

"पेटी होती? पाव? तुमची स्वतःची कात्री?"

"मला काही विचारू नका," काकूंचे डोळे भरून आले, "मला तुम्ही फार आवडता हो!" आणि त्या पर्स तिथंच टाकून जिन्यावरून पळाल्या.

४. डोंगर

"टिचबटणं!" भाचीनं कपाळावर हात मारला. मग ती रडता रडता हसायला लागली. "अगं, मी डबीवर नंबर लिहिला, आणि पट्टा... आत्या, तू देवमाणूस आहेस!"

"थांब. अर्धंच झालंय. मोठे डॉक्टर विचारतील, पोस्टमनचं नाही तर कोणाचं? उत्तर नसेल तर म्हणतील, गोष्ट रचली. शिवाय तो माणूस धोक्यात आहे. तू सांग मला, असा माणूस बाहेरून ओळखायचा कसा?"

"मी पहिल्या दिवशी हॉलमध्ये भाषणात सगळं सांगितलं होतं की! सगळे कसे कान देऊन ऐकत होते."

बाईंनी घसा साफ केला. त्या दिवशी त्या ऐकत नव्हत्या. आपली भाची केवढी मोठी झाली, साडी किती छान दिसतेय, हेच त्या बघत बसल्या होत्या. "पुन्हा सांग."

"सगळ्यांना सगळं होतं असं नाही. पण पटकन उठलं की अंधारी येते, कारण हृदय वेळेवर जोर लावत नाही. चढताना दम लागतो. अंधारात गेलं की डोळे लवकर सरावत नाहीत. दोन घासांतच पोट भरतं. आणि एक विचित्र खूण असते, जेवताना कपाळावर, मानेवर घाम येतो. चीजसारखं काही खाल्लं की हमखास."

फौजदारबाईंनी पोस्टमन सोडून उरलेल्या तिघांना एकेक करून डोळ्यांपुढं उभं केलं. बेकरीवाल्यांना घाम येतो, पण तो सदानकदा येतो, आणि ते रोल खातात पाच. मास्तर टुणकन उठतात. शिवणकाकू तर जिन्यावरून हरणासारख्या पळाल्या. घोडं इथंच पेंड खात होतं.

"दुसऱ्या वाटेनं जाऊ," त्या म्हणाल्या. "डब्या बदलल्या म्हणजे पोस्टमनचं हृदय दुसऱ्या कोणाच्या तरी नंबरवर नोंदलं गेलं. बरोबर? आणि पोस्टमन मध्यंतरात घरी धावत जाऊन आले. मग उरलेल्यांपैकी एका रेघेत मध्यंतराला चढ असणार. दाखव मला मध्यंतर."

भाचीनं रेघा एकाखाली एक लावल्या. एक नंबर, मास्तर: मध्यंतरात शांत. दोन नंबर, बेकरीवाले: शांत. तीन, शिवणकाकू: शांत. पाच नंबरच्या रेघेत मात्र बरोब्बर मध्यंतरात एक डोंगर उभा होता, सरळ वर गेलेला आणि सावकाश उतरलेला.

"हा तुझा," भाची म्हणाली. "मला वाटलं तू मध्यंतरात हॉलभर फिरून सगळ्यांना दरडावत असशील."

पट्टा बांधला होता त्या दिवशी मध्यंतरात फौजदारबाई खुर्चीवर बसून होत्या. रोलचा अर्धा तुकडा रुमालात बांधत होत्या. घाम टिपत होत्या.

त्यांनी सावकाश डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवली. लांब श्वास घेतला. लांब सोडला. पुन्हा घेतला. बोटांखाली ठोके पडत होते, एकामागून एक, अगदी कवायतीत चालल्यासारखे. श्वास आत जावो की बाहेर येवो, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्यांना भीती वाटली. खरीखुरी. पिस्तूल रोखलेल्या माणसासमोर उभं राहतानाही इतकी वाटली नव्हती. आणि त्याच्यामागोमाग, खोटं कशाला सांगा, मोह झाला. डोंगर कोणाच्या लक्षात आलेला नाही. मंडळात, गल्लीत, सगळीकडे आपलं विशीतलं हृदय मिरवून झालंय. नाही बोललो तर?

समोर भाची सुजल्या डोळ्यांनी पडद्यात डोकं घालून बसली होती.

"आत्या, काय झालं? कळलं का कोण ते?"

"कळलं," बाई म्हणाल्या. "तुझ्या मोठ्या डॉक्टरांना सांग, मीटिंग हॉस्पिटलात नाही, आमच्या हॉलमध्ये घ्या. आणि चार नंबरची डबी, पट्टे घेऊन या. आरोपी मी हजर करते."

५. आरोपी हजर

मोठे डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घेऊनच. जिना चढून धापा टाकत होते. बेकरीवाल्यांनी त्यांना आधी खुर्ची दिली, मग रोल दिला, त्यामुळे आठ्या थोड्या कमी झाल्या.

"बाई, माझ्याकडे वेळ नाही. कोणाचं आहे हे हृदय?"

फौजदारबाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. समोर चार संशयित एका ओळीत बसलेले, चौघांच्याही माना खाली. कोपऱ्यात भाची नखं खात उभी. टिचबटणांची हकिकत बाईंनी थोडक्यात सांगितली. शिवणकाकूंनी मान डोलावली.

"तर दोन पट्टे धुतले गेले. एक पोस्टमनचा. दुसऱ्या पट्ट्याचा मालक कोण हे शोधायचं होतं. मध्यंतरात पोस्टमन धावत घरी जाऊन आले, आणि त्या वेळचा डोंगर पाच नंबरच्या रेघेत आहे, म्हणजे पोस्टमनचं हृदय पाच नंबरवर नोंदलं गेलं. मग चार नंबरवर कोण नोंदलं गेलं ते उघड आहे. त्या माणसाला चढताना दम लागतो, म्हणून तो नोटीस बोर्ड वाचल्याचं नाटक करतो. उठताना अंधारी येते, म्हणून डोळ्यांवरचा चष्मा शोधतो. बोळात दिसत नाही, म्हणून बल्बला नावं ठेवतो. अर्धा रोल रुमालात बांधतो, आणि खिडक्या उघड्या असताना खिडक्या उघडा म्हणून ओरडतो." त्यांनी दम घेतला. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या कबुल्या घेतल्या. आज माझी देते. डॉक्टर, चार नंबरचं हृदय माझं आहे."

शिवणकाकूंनी हुंदका दिला, मास्तरांनी "सुटलो!" म्हणून पेटीवर डोकं टेकलं आणि पेटीतून एक भयंकर सूर निघाला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" बाई गरजल्या.

"भाषण आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं," पोस्टमन म्हणाले. "एकेक खूण ऐकली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. पण तुमची रेघ नाचतेय असं तुम्हीच सांगत होता, म्हणून म्हटलं आपलं चुकत असेल. मग चार नंबरची भानगड झाली, आणि काकूंनी कोणते दोन पट्टे धुतले ते सांगितलं तेव्हा आमची खात्रीच पटली. तुम्हाला सांगायचं कोणी, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या."

"आणि मी काय वाघ आहे?"

बेकरीवाल्यांनी खाली बघून हसू दाबलं.

"हे सगळं ठीक आहे," मोठे डॉक्टर म्हणाले, "पण मला बोलणं नको, पुरावा हवा." त्यांनी पिशवीतून डबी आणि पट्टे काढले. भाचीनं ती डबी शिट्टीचं चित्र असलेल्या पट्ट्याला लावली. बाई पडद्याआड जाऊन पट्टा घालून आल्या. मास्तरांनी हात वर केला, आणि सगळं मंडळ, न सांगता, बाईंबरोबर श्वास घेऊ लागलं. लांब आत. लांब बाहेर.

लॅपटॉपवर रेघ उमटली. डावीकडून उजवीकडे, पट्टीनं मारल्यासारखी.

मोठ्या डॉक्टरांनी ती पाहिली, भाचीची जुनी रेघ शेजारी ठेवली आणि पाहिली. मग स्वतः बाईंचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्यांच्या हातातल्या रोलचा तुकडा बशीत पडला होता, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"चूक माझी," ते अखेर भाचीला म्हणाले. "जे मला पटलं नाही, ते खोटं आहे असं मी धरून चाललो. डब्या तपासायला हव्या होत्या, तुला नाही." आणि बाईंकडे वळून, "तुम्ही सोमवारी सकाळी माझ्याकडे. उपाशीपोटी. नाही म्हणायचं नाही."

"मी कुठं नाही म्हणतेय?" बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण भाचीनं येऊन मिठी मारली तेव्हा त्यांनी तिला बराच वेळ सोडलं नाही.

"आता पोस्टमनचंही हृदय परत करा," शिवणकाकू डोळे पुसत म्हणाल्या. हसता हसता मास्तरांची गोळी शेवटी खरंच गिळली गेली.

६. कळ न आलेली जागा

सोमवारची तपासणी झाली, मग आणखी एक झाली, मग डॉक्टरांनी बाईंना यंत्राखाली झोपवून हृदयाच्या वाहिन्यांचे फोटो काढले. एक वाहिनी चांगलीच अरुंद झालेली सापडली. छातीत कधी दुखलं का, म्हणून विचारलं, तर बाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं आणि ते खरंच होतं. दुखायला हवं होतं. दुखल्याची बातमी आणणाऱ्या तारांनीच काम सोडलं होतं. वाहिनीत जाळी बसवली, औषधं बदलली, साखरेवर पहारा बसला. उठायचं ते टप्प्याटप्प्यानं, आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, हे त्यांना शिकवलं. बाई ते नियम मंडळाला दरडावून शिकवू लागल्या, ज्यांना गरज नव्हती त्यांनासुद्धा.

घरी सोडायच्या दिवशी नर्सनं चादर काढता काढता विचारलं, "आजी, तुम्हाला तर काही त्रासच होत नव्हता. मग तुम्ही आलात कशा वेळेवर?"

खुर्चीत बॅग घेऊन बसलेल्या भाचीकडे बाईंनी बोट दाखवलं.

"हिच्यावर खोटेपणाचा आळ आला म्हणून."

नर्सला काही कळलं नाही. भाचीला कळलं. ती उठली, आत्याच्या छातीला कान लावून उभी राहिली, आणि त्या एकसारख्या, हट्टी, जिवंत ठेक्यावर हसत हसत रडू लागली. फौजदारबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला आणि तिचं रडून होईपर्यंत तिला तशीच उभी राहू दिली.